आलेलं रीडिंग लिहा

गेल्या वर्षी अकरावीच्या एका बॅचचं साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल चालू होतं. स्टँडला बुचाच्या दोन फाकांत धरलेला दोरा, खाली पितळी गोळा, हातात स्टॉपवॉच. लंबकाला हेलकावे द्यायचे, वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण म्हणजे g काढायचं. खिडकीजवळच्या टेबलावरच्या मुलीने दोऱ्याची लांबी ५० सेंटिमीटर धरली होती. २० हेलकाव्यांना तिला २९.० सेकंद लागले. तिने आकडेमोड केली, उत्तर आलं ९.३९. तिने एकदा शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे पाहिलं, मग खोडरबर काढला आणि २९.० खोडून तिथे २८.४ लिहिलं. आता g झालं ९.७९, पुस्तकातल्या ९.८ च्या अगदी जवळ.

मी विचारलं, "काय गं, परत मोजलंस का?"

"नाही मॅडम. पण उत्तर बरोबर यायला पाहिजे ना?"

तिने हे लपूनछपून केलं नव्हतं, माझ्या डोळ्यांदेखत केलं होतं. आपण काही गैर करतोय असं तिला वाटतच नव्हतं, कारण जर्नल म्हणजे काय हे तिला मोठ्या भावाच्या जर्नलवरून कळलेलं होतं. उत्तर आधी ठरलेलं असतं आणि रीडिंग त्या उत्तरापर्यंत पोचायला लिहायची असतात. ती हुशार आहे, मेहनती आहे आणि आज्ञाधारक आहे. आपण जे शिकवलं तेच ती नेमकं शिकली.

अकरावी-बारावीला फिजिक्स घेतलेल्या मुलाला दोन वर्षांनी काय यायला हवं, या प्रश्नावर माझं उत्तर या टेबलापासून सुरू होतं. त्याला आलेलं रीडिंग लिहिता आलं पाहिजे. ते पुस्तकाशी जुळलं नाही तर का जुळलं नाही, हे शोधता आलं पाहिजे. आणि आपल्या उत्तरावर किती विसंबायचं, हे सांगता आलं पाहिजे. बाकीची उद्दिष्टं या तिन्हींच्या मागून येतात. आपली आजची व्यवस्था मात्र याच तीन गोष्टी मुलांकडून पद्धतशीरपणे काढून घेते.

त्या मुलीच्या रीडिंगमध्ये काय दडलं होतं ते आधी सांगते, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. तिचं २९.० सेकंद हे मोजमाप अगदी चोख होतं. चूक लांबीत होती. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, तिने ती दोरा जिथे हुकाला बांधला तिथपर्यंत मोजली. हुक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून साधारण २ सेंटिमीटर सुटले. ५० च्या जागी ५२ घालून तोच हिशोब केला की g येतं ९.७६. म्हणजे जे खरं होतं ते तिने खोडलं आणि जे चुकलं होतं ते तसंच ठेवलं.

यातली खरी गंमत पुढे आहे. हीच चूक तशीच ठेवून दोरा लांबवत गेलं, तर g चा आकडा हळूहळू वर सरकतो. ५० सेंटिमीटरला ९.४, ८० ला ९.५५, मीटरभर दोऱ्याला ९.६. कारण सुटलेले २ सेंटिमीटर तेवढेच राहतात आणि एकूण लांबीतला त्यांचा वाटा कमी होत जातो. चूक असलेली रीडिंग अशी एका दिशेने चालत असतील, तर ती काहीतरी सांगत असतात. आणि लांबी व आवर्तकालाचा, म्हणजे एका हेलकाव्याला लागणाऱ्या वेळाचा, वर्ग यांचा आलेख काढला, तर रेषा सरळ येते, तिच्या चढावरून g जवळजवळ अचूक मिळतं. फक्त रेषा शून्यातून जात नाही. मागे वाढवली की ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या २ सेंटिमीटर अलीकडे छेदते. चूक किती झाली याचा आकडासुद्धा आलेखच हातात देतो. एवढं सगळं त्या खोडलेल्या २९.० मध्ये होतं.

प्रत्यक्षात मुलं काय करतात? रेषा शून्यातून जायला पाहिजे हे पाठ असतं, म्हणून पट्टी आधी शून्यावर ठेवतात आणि मग बिंदू त्या रेषेवर बसवतात. मी असे आलेख वर्षानुवर्षं तपासले आहेत. पाचही बिंदू रेषेवर, एकही इकडेतिकडे नाही. त्यावर १० पैकी ९ गुण देऊन सहीही केली आहे, आणि आज मला ते चुकलं असं स्वच्छ वाटतं.

मुलांना मी एक जुनी हकिगत सांगते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून इतर वायू काढून मिळवलेला नायट्रोजन आणि रासायनिक क्रियेतून मिळवलेला नायट्रोजन यांच्या घनतेत फरक येत होता, जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. आपल्या प्रयोगशाळेत अर्धा टक्का म्हणजे खोडरबराचं एक घासणं. रॅलेंनी तो आकडा सोडला नाही. पुन्हा मोजला, वेगवेगळ्या मार्गांनी मोजला, फरक उघडपणे जगापुढे ठेवला. विल्यम रॅम्झी त्या शोधात सामील झाले आणि १८९४ मध्ये दोघांनी हवेतला तोवर कोणालाच ठाऊक नसलेला वायू जाहीर केला, आरगॉन. हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे, कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट. १९०४ मध्ये रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्धा टक्का न खोडल्यामुळे.

आता आपल्याकडचा हिशोब. बारावी बोर्डाला फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा, प्रॅक्टिकल ३० गुणांचं. ऐकायला हे प्रमाण उत्तम आहे. पण त्या ३० गुणांना कोणी गंभीरपणे घेत नाही, कारण ते जवळपास सगळ्यांना जवळपास सारखेच मिळतात, हे मुलांनाही माहीत असतं आणि पालकांनाही. प्रवेश ठरतो तो सीईटीवर, जेईईवर, नीटवर. एमएचटी-सीईटीत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न मिळून ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यात विचार करणारा मुलगा मागे पडतो आणि आधी पाहिलेला प्रश्न ओळखणारा पुढे जातो. नीट आणि जेईई मेनच्या अभ्यासक्रमात 'प्रायोगिक कौशल्ये' नावाचा एक घटक आहे खरा. त्यात बारीक लांबी-जाडी मोजणारे व्हर्निअर आणि स्क्रू गेज आहेत, विजेचा रोध मोजणारा मीटर ब्रिज आहे. पण त्याचीही परीक्षा कागदावरच होते. व्हर्निअर हातात न धरता त्यावरचं उदाहरण सोडवायला मुलं शिकतात, आणि लघुत्तम मापाची वजाबाकी बिनचूक करणाऱ्या मुलाला प्रत्यक्ष उपकरणाचे जबडे सरकवताना आधी स्क्रू ढिला करावा लागतो हे माहीत नसतं. मी हे दरवर्षी बघते.

मग एक वेगळीच व्यवस्था उभी राहिली. नाव एका कॉलेजात, शिकवणी दुसरीकडे, आणि प्रॅक्टिकल जानेवारीत आठवडाभरात उरकायची. सगळ्या प्रयोगांची रीडिंग लिहिलेलं तयार जर्नल फिरतं, मुलं रात्री बसून उतरवतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने हाताने लिहिलेली, स्वतःच्या सहीची, शिक्षकांनी प्रमाणित केलेली खोटी मोजमापं. याच मुलांतून पुढे रक्ताचे अहवाल देणारे, पुलाच्या काँक्रीटची चाचणी करणारे, औषधाच्या बॅचवर सही करणारे तयार होणार आहेत. मला याची खरोखर भीती वाटते. राज्यघटनेच्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हटलं आहे, आणि त्याचा सराव ज्या खोलीत व्हायचा त्या खोलीतच आपण मुलांना उलटं वळण लावतो.

यावर मला पालक जे सांगतात ते खोटं नाही. एक वडील मला म्हणाले होते, "मॅडम, प्रयोग श्रीमंतांच्या पोरांना परवडतात. माझ्या पोराला गव्हर्नमेंट कॉलेजची सीट पाहिजे, नाहीतर दोन एकर विकावी लागेल." या वाक्यापुढे वैज्ञानिक दृष्टिकोनावर व्याख्यान देण्याची माझी छाती नाही. त्यांच्यासाठी परीक्षा हीच शिडी आहे आणि ती शिडी काढून घ्या असं मी म्हणत नाही. मी इतकंच म्हणते की शिडीच्या पायऱ्या कशाच्या करायच्या ते आपल्या हातात आहे. परीक्षेत जे विचारलं जातं तेच उद्दिष्ट ठरतं. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर छापलेली उद्दिष्टं कोणी वाचत नाही. म्हणून उद्दिष्टांबद्दल बोलायचं तर प्रश्नपत्रिकेबद्दलच बोलायला हवं.

शिवाय गुण मिळाले म्हणजे विषय आला, हेही खरं नाही. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल आणि गती यांवर साध्या प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. गणित नाही, सूत्र नाही, फक्त रोजच्या घटना. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी अशा प्रकारची चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा वर्गातल्या एकाने त्यांना विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला जसं वाटतं तसं? मझूर यांनी त्यानंतर आपली शिकवण्याची पद्धतच बदलली.

हा प्रश्न आपल्या मुलांनी विचारलेला नाही, पण त्यांच्या डोक्यात तो असतो. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचं त्वरण किती? मी बारावीच्या वर्गात हे विचारते तेव्हा निम्म्याहून अधिक हात 'शून्य'ला वर होतात. याच मुलांनी दहा मिनिटांपूर्वी गतीची तिन्ही समीकरणं फळ्यावर बिनचूक मांडलेली असतात. त्वरण शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता, हे म्हटलं की वर्गात एक शांतता पसरते. ती शांतता मला डेरिव्हेशनच्या चार पानांपेक्षा मोलाची वाटते.

इथे भाषेचाही प्रश्न आहे, आणि तो महाराष्ट्राचा खास आपला आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं अकरावीला एकदम इंग्रजीत फेकली जातात. बल, वेग, संवेग, जडत्व हे शब्द ज्यांना अर्थासकट येत होते, त्यांना आता इंग्रजी व्याख्या पाठ करावी लागते आणि अर्थ कुठेतरी मागे राहतो. एसटीने अचानक ब्रेक लावला की आपण पुढे का झुकतो, हे मराठीत विचारलं की मुलगा अडखळतो, इंग्रजीत विचारलं की न्यूटनचा नियम धडाधडा म्हणून दाखवतो. मला वाटतं, प्रत्येक संकल्पना स्वतःच्या भाषेत, घरच्या माणसाला समजेल अशी सांगता येणं हे एक लेखी उद्दिष्ट असलं पाहिजे आणि तोंडी परीक्षेत ते तपासलं गेलं पाहिजे. इंग्रजी यायला हवं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या भाषेत मूल विचार करतं त्या भाषेत विषय उतरला की नाही, हे बघितल्याशिवाय तो आला असं कसं म्हणायचं?

आणि अदमास. आपल्याकडे याला अभ्यासक्रमात कुठेच जागा नाही. बादलीभर पाणी म्हणजे १५ लिटर, ते २५ अंशांनी तापवायला किती वीज लागते? मुलं सूत्र लिहितात, जूलमध्ये उत्तर काढतात, साधारण १५.७ लाख जूल, आणि तिथेच थांबतात. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणजे आंघोळीला अर्ध्या युनिटाहून थोडी कमी वीज लागली, इथपर्यंत फार थोडी जातात. घरात चार माणसं असतील तर महिन्याला पन्नासेक युनिट नुसत्या गरम पाण्याचे. बिल समोर ठेवून हा हिशोब करायला लावला की मुलांचे चेहरे बदलतात.

गाडीचंही तसंच. आमच्याकडची मुलं सतराव्या वर्षी, परवाना असो नसो, मोटरसायकल चालवतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर कोणी आलेलं दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर तेवढ्यात १७ मीटर गेले, आणि बऱ्यापैकी ब्रेक लागला तरी थांबायला आणखी २८ मीटर. एकूण ४५ मीटर. ताशी ४० ला हेच अंतर साधारण २३ मीटर. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. 'v वर्ग' या दोन अक्षरांचा अर्थ यापेक्षा चांगला मला शिकवता येत नाही. आणि हे माहीत नसताना बारावी फिजिक्सला ९५ मिळवलेला मुलगा मला अर्धवट शिकलेला वाटतो.

साधनं नाहीत, वेळ नाही, एका बॅचला पन्नास-साठ मुलं, प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी, हे सगळं मी जगले आहे. तरी लंबकाला दोरा आणि गोळा एवढंच लागतं. प्रत्येक मुलाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्वरण मोजणारा संवेदक आहे, आणि जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठाने त्यासाठी फायफॉक्स नावाचं अ‍ॅप मोफत दिलं आहे. लिफ्टमध्ये मोबाइल ठेवून तिचं त्वरण मोजता येतं. पैशांपेक्षा मोठी अडचण ही आहे की प्रामाणिक पण 'चुकीच्या' रीडिंगला गुण द्यायची आपल्याला सवयच नाही.

परीक्षा बदलता येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी शेजारच्या मध्य प्रदेशाची आठवण देते. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे शेकडो सरकारी शाळांत गेला. सहावी ते आठवीची खेड्यातली मुलं स्वतः प्रयोग करत, आणि परीक्षेला पुस्तक-वही घेऊन बसत, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी होती. तीस वर्षं ते चाललं. २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं, हे दुःख आहेच. पण सरकारी शाळांत, साध्या साहित्यात, सामान्य शिक्षकांकरवी अशी परीक्षा घेता येते हे तिथे सिद्ध झालं.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडसाठी देशातून पाच मुलं निवडली जातात, त्यांची तयारी तिथे होते. त्या स्पर्धेत ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात, आणि प्रयोगाची परीक्षा पाच तास चालते. अनोळखी उपकरणं समोर, रीडिंग स्वतःची, चुकीची मर्यादा स्वतः सांगायची. आपली पाच मुलं हे शिकतात आणि पदकं आणतात. लाखो मुलांपैकी पाच जणांनाच मोजमापाचा अर्थ कळावा, हे मला पटत नाही.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही. म्हणून मी बोर्डाकडे दोनच गोष्टी मागते. पहिली, प्रॅक्टिकलचे गुण उत्तरावर न देता रीडिंगच्या नोंदीवर, आलेखावर आणि 'उत्तर असं का आलं' या तोंडी प्रश्नावर द्यावेत, आणि तो प्रश्न मराठीत विचारायला आणि मराठीत उत्तर द्यायला मोकळीक असावी. दुसरी, ७० गुणांच्या लेखी पेपरात एक तरी प्रश्न खऱ्या, ओबडधोबड मोजमापांवर असावा. केंब्रिजच्या ए-लेव्हल फिजिक्समध्ये प्रयोगाची आखणी आणि मोजमापांची छाननी यांचा स्वतंत्र लेखी पेपर असतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, कागद लागतो. तो आपल्याकडेही आहे. आणि एकदा बोर्डाच्या पेपरात असा प्रश्न आला की क्लासवाले तो शिकवतील, क्लासवाले शिकवतील म्हणून मुलं करतील. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

नमुन्यादाखल असा एक प्रश्न इथे देते. त्या मुलीला त्या दिवशी मी खोडलेलं २९.० पुन्हा लिहायला लावलं आणि आणखी तीन लांब्यांसाठी मोजायला सांगितलं. हे आकडे तिचेच आहेत.

एका विद्यार्थिनीने साध्या लंबकाच्या दोऱ्याची लांबी अनुक्रमे ५०, ६०, ८० आणि १०० सेंटिमीटर ठेवून प्रत्येकी २० हेलकाव्यांचा वेळ मोजला. तो अनुक्रमे २९.०, ३१.६, ३६.४ आणि ४०.६ सेकंद आला. लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढा. बिंदूंमधून जाईल ती रेषा काढा, शून्यातून नेण्याचा आग्रह धरू नका. चढावरून g काढा. रेषा शून्यातून का जात नाही आणि मोजणाऱ्या मुलीचं नेमकं काय मोजायचं राहिलं असेल, ते तुमच्या शब्दांत लिहा. (गुण ४)